एकाच रीतीने बसणारा स्पीड सेन्सर: ड्रॉइंगपासून फिटिंगपर्यंत

१ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झालं. तोवर मोठ्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरपुरता राहिलेला चाकाचा स्पीड सेन्सर त्यामुळे थेट पंक्चरच्या दुकानात आला. चाक काढताना आणि परत चढवताना सेन्सर, त्याचा ब्रॅकेट आणि डिस्कलगतची दातेरी रिंग यांना कुणाचा ना कुणाचा हात लागतोच. अशा भागासाठी ‘फिटरने काळजी घ्यावी’ असं पुस्तिकेत लिहून भागत नाही. काळजी ड्रॉइंगवरच घ्यायला हवी. सेन्सर एकाच रीतीने बसला पाहिजे, चुकीच्या रीतीने बसवू म्हटलं तरी बसता कामा नये, आणि तरीही काही राहून गेलं तर गाडी रस्त्यावर जाण्याआधी ते दिसलं पाहिजे.

हा लेख मुख्यतः सेन्सर, ब्रॅकेट आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) यांचं डिझाइन करणाऱ्यांसाठी आहे. शेवटचा भाग गॅरेजमध्ये सेन्सर बदलणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. हिशेबासाठी सगळीकडे एकच रचना धरली आहे: ४८ दातांची लोखंडी टोन रिंग (वर आलेली दातेरी रिंग), दातांवरचा व्यास ८० मिमी, आणि एका एम६ बोल्टवर नकलला बसणारा, चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर. एक दात आणि एक खाच मिळून होणारं अंतर, म्हणजे पिच, ८० × ३.१४ ÷ ४८, सुमारे ५.२ मिमी. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा बराचसा हिशेब त्यावरूनच निघतो.

जागा चुकते म्हणजे नेमकं काय होतं

सेन्सर पाच प्रकारे चुकू शकतो आणि पाचांचं महत्त्व सारखं नाही.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा गॅप, म्हणजे सेन्सरचं टोक आणि दाताचा माथा यांच्यातली फट. फट वाढली की सिग्नल सरळ रेषेत कमी होत नाही, तो घातांकी वेगाने कोसळतो. चुंबकीय क्षेत्रातली दातांमुळे होणारी चढउतार पिचच्या सुमारे ०.११ पट अंतरामागे निम्मी होते. आपल्या रिंगसाठी हे अंतर ०.५८ मिमी. पिच ३.१४ मिमीच असेल, म्हणजे दात बारीक असतील, तर जेमतेम ०.३५ मिमी. रिंग लहान करून दातांची संख्या तीच ठेवायचा मोह होतो तेव्हा हा हिशेब आधी मांडा. बारीक दात म्हणजे बसवणीत चुकायला कमी जागा.

दुसरा पीळ: सेन्सर स्वतःच्या अक्षाभोवती फिरलेला असणं. काही सेन्सरांना याने काहीच फरक पडत नाही, काही पूर्ण मुके होतात. याबद्दल पुढे सविस्तर.

तिसरं आडवं सरकणं, म्हणजे दाताच्या रुंदीच्या दिशेने. सेन्सर रिंगच्या कडेबाहेर डोकावू लागला की सिग्नल घटतो. चौथा कल. फ्लँजखाली, म्हणजे बोल्ट लागतो त्या सेन्सरच्या बाहेर आलेल्या पट्टीखाली, एका बाजूला ०.१ मिमीचा बर (धातूची उरलेली धार) राहिला आणि फ्लँजचा आधार २५ मिमी असला, तर ३० मिमी लांबीचं टोक ०.१२ मिमी सरकतं. कल स्वतः फारसं बिघडवत नाही, पण तो गॅपच्या बजेटमध्ये हात घालतो.

पाचवं परिघाच्या दिशेने सरकणं. याची चिंता जवळजवळ करूच नये. रिंग गोल असल्याने सेन्सर परिघाच्या बाजूने २ मिमी सरकला तरी गॅप फक्त ०.०५ मिमीने वाढतो. म्हणून ड्रॉइंगवर या दिशेला सैल टॉलरन्स (मापात चालणारा फरक) द्या आणि वाचलेली अचूकता व खर्च गॅपच्या दिशेला वापरा. प्रत्यक्षात अनेक ड्रॉइंगांवर बोल्टच्या भोकाला दोन्ही दिशांत सारखाच कडक टॉलरन्स दिलेला दिसतो. मशीनिंगचा पैसा असाच वाया जातो.

पायरी १: आतला घटक निवडा, कारण पिळाचा प्रश्न तिथेच सुटतो किंवा निर्माण होतो

जुना कॉइल-मॅग्नेट सेन्सर, ज्याला पॅसिव्ह म्हणतात, त्याचा लोखंडी गाभा गोल असेल तर पीळ कितीही चालतो. गाभ्याचं टोक छिन्नीसारखं चपटं असेल तर मात्र ती धार दातांना समांतरच हवी. या सेन्सरचा व्होल्टेज वेगावर अवलंबून असल्याने गाडी अगदी हळू चालताना तो काही सांगत नाही, आणि गॅप वाढला की त्याचा ‘दिसू लागण्याचा’ वेगही वर सरकतो. त्यामुळे पॅसिव्ह सेन्सरला गॅपची शिस्त जास्त लागते.

चाकांवर आज मुख्यतः अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असतात. त्यांतला डिफरेन्शियल हॉल प्रकार दोन ठिकाणचं क्षेत्र मोजून त्यांतला फरक काढतो. या दोन घटकांमधलं अंतर अनेक चिपांत २.५ मिमी असतं. दोघं रिंगच्या फिरण्याच्या दिशेने एकापुढे एक असतील तर एकासमोर दात आणि दुसऱ्यासमोर खाच येते आणि फरक भरपूर मिळतो. सेन्सर ९० अंशांत फिरला तर दोघांसमोर एकाच वेळी तोच दात येतो. फरक शून्य. सेन्सर चांगला, वायर चांगली, गॅप अचूक, आणि तरी सिग्नल नाही.

मधल्या कोनांत काय होतं तेही पाहू. ५ मिमीच्या आसपास पिच असलेल्या रिंगवर २० अंश पिळाने सिग्नल एका टक्क्याहूनही कमी घटतो, ४५ अंशांत सुमारे १० टक्के आणि ६० अंशांत जवळजवळ ३० टक्के. म्हणजे थोडा पीळ घातक नाही. धोका असतो तो ‘कसाही बसणाऱ्या’ गोल सेन्सरचा, जो ८०–९० अंशांतही निमूटपणे बसतो.

दिशाही सांगणारा सेन्सर असेल तर आणखी एक सापळा आहे. १८० अंशांत उलटा बसवला तर सिग्नलची ताकद तीच राहते, पल्सची संख्या तीच राहते, फक्त दिशा उलटी होते. ऑसिलोस्कोपवर सगळं ठीक दिसतं आणि चढावर गाडी धरून ठेवणारी यंत्रणा चुकीचं वागते. म्हणून दिशा ओळखणाऱ्या सेन्सरला दोन्ही बाजूंना सारखी भोकं असलेला समतोल फ्लँज कधीही देऊ नका.

पीळ अजिबात न जाणवणारे एकघटकी हॉल सेन्सरही मिळतात. गिअरबॉक्सवर, जिथे गोल भोकात सेन्सर कोणत्याही कोनात जाऊ शकतो, तिथे तेच घ्यावेत. पण ते क्षेत्राची एकूण पातळी मोजतात, त्यामुळे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा आणि तापमानाचा परिणाम त्यांच्यावर जास्त होतो. चाकापाशी, जिथे बोल्टमुळे कोन आपोआप पक्का करता येतो, तिथे आम्ही डिफरेन्शियलच सुचवू.

रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलवरच चुंबकीय एन्कोडर असेल, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या जोड्या भरलेली रबरी पट्टी, तर सेन्सरमध्ये स्वतःचं मॅग्नेट नसतं. दोन्ही सेन्सर बाहेरून सारखेच दिसू शकतात. दातेरी रिंगचा सेन्सर एन्कोडरवर किंवा उलट लावला तर काहीच धड चालत नाही. या दोन जातींना पायलटचे, म्हणजे भोकात शिरणाऱ्या गोल भागाचे, व्यास वेगळे ठेवा. एक दुसऱ्याच्या भोकात गेलाच नाही तर स्टोअरमधली अदलाबदल आपोआप पकडली जाते. रंगीत स्टिकर हा त्याला पर्याय नाही. ग्रीसच्या हातात रंग दिसत नाही.

पायरी २: गॅपचं बजेट कागदावर मांडा

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन गॅपांत. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्या फटीत सारून) मोजतो तो यांत्रिक गॅप. चिपला दिसतो तो चुंबकीय गॅप: यांत्रिक गॅप, अधिक टोकाच्या प्लॅस्टिकची जाडी, अधिक चिपच्या आवरणाखाली हॉल घटक जितका खोल आहे तितकं अंतर. टोकाची भिंत ०.५ ते ०.८ मिमी असते. म्हणजे साचा झिजून किंवा भिंत ‘मजबुतीसाठी’ ०.३ मिमीने जाड करून सिग्नलचा तिसरा हिस्सा घालवणं सहज शक्य आहे, आणि फीलर गेजवर ते कधीच दिसणार नाही. चिप कंपनीचा कमाल गॅप कोणत्या अर्थाने दिला आहे ते डेटाशीटवरच्या आकृतीत पाहून घ्या.

आता टॉलरन्स. यांत्रिक गॅप १.० मिमी धरून उदाहरणादाखल असा हिशेब होतो:

- फ्लँजच्या बैठकीपासून टोकापर्यंत सेन्सरची लांबी: ±०.१०
- नकलवरची बैठक ते चाकाचा अक्ष: ±०.१५
- रिंगची त्रिज्या: ±०.०५
- रिंगचं वेडंवाकडं फिरणं, म्हणजे रनआउट: ±०.०५
- बेअरिंगमधला खेळ, म्हणजे ढिलेपणा: ±०.०३
- वळणावर भाराखाली हब आणि नकलचं वाकणं: ±०.१५

सगळं एकाच बाजूला जमा झालं तर ±०.५३, म्हणजे गॅप ०.४७ ते १.५३. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर ±०.२५. उत्पादनाचा अंदाज बांधायला दुसरी पद्धत वापरा, पण सुरक्षेच्या भागासाठी पहिली बेरीजही चिपच्या मर्यादेत बसली पाहिजे. सर्वांत जवळ आणि सर्वांत दूर यांत इथे १.०६ मिमीचा फरक आहे, म्हणजे सिग्नलमध्ये जवळजवळ साडेतीन पट. खालची बाजूही बघा. ०.३ मिमीपेक्षा कमी गॅप राहत असेल तर दातात अडकलेला खडीचा कण टोक खरवडतो.

हे बजेट जमत नसेल तर पुष्कळदा शिम (फट भरणारी पातळ चकती) किंवा लांबट भोक, म्हणजे स्लॉट, सुचवला जातो. ते टाळा. स्लॉट म्हणजे ड्रॉइंगवर न सुटलेला प्रश्न फिटरच्या हाती देणं. त्याऐवजी साखळीतले दुवे कमी करा. सेन्सर वेगळ्या पत्र्याच्या ब्रॅकेटवर, ब्रॅकेट फोर्कवर, फोर्क अ‍ॅक्सलवर अशी साखळी असेल तर प्रत्येक जोड दोन-तीन टॉलरन्स वाढवतो. ज्या भागात बेअरिंग बसतं त्याच भागावर, शक्य तर त्याच मशीनिंगच्या सेटिंगमध्ये सेन्सरची बैठक आणि भोक करा. एवढ्यानेच वरच्या यादीतला ±०.१५ चा दुसरा आकडा बऱ्यापैकी खाली येतो.

पायरी ३: बैठक, पायलट, बोल्ट

सेन्सरच्या ड्रॉइंगवर आधार तीन: बैठकीचा पृष्ठभाग, पायलटचा अक्ष आणि बोल्टचं भोक, याच क्रमाने. चिपची जागा आणि कोन याच तीन आधारांवरून द्या. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या कडेवरून दिलेली मापं साचा बदलला की निरर्थक होतात.

*कोन बोल्टनेच पक्का होतो.* बोल्ट सेन्सरच्या अक्षापासून २० मिमी दूर आहे. बुशचं (सेन्सरमधल्या, बोल्टभोवतीच्या धातूच्या नळीचं) भोक ६.४ मिमी असल्याने प्रत्येक बाजूला ०.२ मिमीची सैलाई, त्यात आट्याच्या भोकाच्या जागेचे ०.२ मिमी मिळवा. एकूण ०.४ मिमी भागिले २० म्हणजे सुमारे १.१५ अंश. पिळाच्या दृष्टीने हे नगण्य आहे. एकबोल्टी, एका बाजूला बाहेर आलेला फ्लँज म्हणूनच उत्तम. त्याला वेगळी चावी (एकाच रीतीने जुळू देणारी खाच), खूण, बाण काही लागत नाही. अट एकच: डोकं फिरवून वेगळ्या क्लॅम्पने दाबणारी रचना नको. क्लॅम्प सेन्सरला धरतो, पण कोन ठरवत नाही. क्लॅम्प टाळता येत नसेल तर सेन्सरच्या अंगावर एक सपाट बाजू काढा आणि क्लॅम्पमध्ये तसाच डी आकार द्या.

*बोल्टखाली धातूची बुश हवीच.* एम६ बोल्ट ९ न्यूटन-मीटरवर आवळला की साधारण साडेसात किलोन्यूटनचा दाब येतो, पाऊण टन वजनाइतका. हा दाब प्लॅस्टिकवर आला तर ते ब्रेकच्या उष्णतेत हळूहळू दबत जातं, बोल्ट ढिला होतो आणि गॅप वाढतो. बुशची खालची बाजू प्लॅस्टिकच्या पातळीला किंवा ०.१ मिमीपर्यंत बाहेर असावी, म्हणजे धातूवर धातू बसेल. बुश आत गेलेली असेल तर ती असून नसल्यासारखी. बोल्ट एकाच बाजूला असल्याने फ्लँजच्या दुसऱ्या टोकाखाली एक छोटा आधाराचा उंचवटा ठेवा, नाहीतर सेन्सर त्या बाजूला डोलतो.

*पायलट आणि ओ-रिंग यांचा क्रम.* ज्या क्रमाने भाग एकमेकांत गुंततात त्यावर बसवण्याची सोय अवलंबून असते. आधी टोक भोकात जावं, मग पायलटने सेन्सर सरळ करावा, मग ओ-रिंग (रबरी सील) दाबली जावी, आणि बैठक टेकायच्या आत बोल्टचं भोक डोळ्यांना जुळलेलं दिसावं. ओ-रिंग पायलटच्या आधी भोकात शिरली तर सेन्सर वाकडा अडकतो आणि माणूस तो हातोडीने ठोकतो. भोकाच्या तोंडाला १५–२० अंशांचा उतार द्या, बर काढायला सांगा, ओ-रिंगचा दाब १५ ते २५ टक्क्यांत ठेवा. अंगठ्याच्या जोराने सेन्सर पूर्ण बसला पाहिजे. भोक आतून बंद असेल तर हवेला वाट ठेवा. कोंडलेली हवा पिचकारीसारखी सेन्सरला परत ढकलते. फिटरला वाटतं बसला, बैठक मात्र टेकलेली नसते.

पायलट संपूर्ण लांबीभर घट्ट नको. वर-खाली दोन अरुंद पट्टे भोकाला टेकू द्या, मधला भाग बारीक करा. कास्ट आयर्नच्या नकलमध्ये गंज पायलटला असा धरून ठेवतो की सेन्सर काढताना डोकं हातात येतं आणि टोक भोकातच राहतं. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. फ्लँजच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक घालण्यापुरती खाच ठेवली तर काढणारा वायर ओढत नाही. काढण्याची सोय हाही बसवण्याच्या डिझाइनचाच भाग आहे.

*वायर कुठून बाहेर पडते.* वायर ज्या दिशेने जायची आहे त्याच दिशेने सेन्सरमधून बाहेर पडू द्या. वायर बळजबरीने वळवावी लागली तर ती सेन्सरवर कायम पीळ ठेवते आणि बोल्ट आवळण्याआधी डोकं उचलून धरते. पहिली क्लिप सेन्सरपासून १००–१५० मिमीत असावी. याच वायरचा पहारेकऱ्यासारखा उपयोगही करता येतो: चुकीच्या कोनात बसवलेल्या सेन्सरची वायर कनेक्टरपर्यंत पोहोचणारच नाही अशी लांबी ठेवा. डावा-उजवा सेन्सर एकच करता आला तर सर्वांत बरं. नाही जमलं तर कनेक्टरच्या चाव्या वेगळ्या करा.

पायरी ४: रिंगची बाजू विसरू नका

संवेदनाची रुंदी ५ मिमी असेल आणि सेन्सर-रिंग मिळून आडवं सरकणं ±१.५ मिमी होत असेल, तर दाताची रुंदी ८ मिमी हवी. दुचाकीत चाकाच्या दोन बाजूंचे स्पेसर वेगळ्या लांबीचे असतात; ते उलटसुलट लागले की संपूर्ण रिंग बाजूला सरकते. सेन्सर रिंगच्या सपाट बाजूकडे बघणारा असेल तर तेच स्पेसर थेट गॅप बदलतात, कधी घासण्यापर्यंत. याला उपाय स्पेसरच्या डिझाइनमध्येच आहे: दोन्ही सारखे करा, किंवा बाहेरचे व्यास इतके वेगळे ठेवा की चुकीचा स्पेसर सीलमध्ये शिरणारच नाही.

प्रेस केलेल्या रिंगला टेकायला खांदा द्या, म्हणजे खोली प्रेस चालवणाऱ्यावर अवलंबून राहणार नाही. रिंग एका बाजूला बसली तर सिग्नलची उंची दर फेऱ्याला एकदा वर-खाली होते. रिंगखाली गंज फुगून ती तडकली तर त्या जागेची खाच रुंद होते आणि प्रत्येक फेऱ्यात एक पल्स बाकीच्यांपेक्षा लांब येते. कमी वेगात ब्रेकवर उगाच एबीएस थरथरण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

चुंबकीय एन्कोडरच्या बेअरिंगला दोन बाजू सारख्या दिसतात, पण पट्टी एकाच बाजूला असते. उलटं प्रेस केलं की बेअरिंग उत्तम चालतं आणि सिग्नल शून्य. दोन्ही सीलना वेगळे रंग द्या आणि प्रेसच्या जिगमध्ये चुंबक ओळखणारा साधा प्रोब बसवा.

जिथे समायोजन ठेवावंच लागतं

दोन ठिकाणी ते न्याय्य आहे. ट्रक-बसच्या पॅसिव्ह सेन्सरांत स्प्रिंगच्या बुशमध्ये गोल सेन्सर घर्षणाने धरलेला असतो. तो रिंगला टेकेपर्यंत हाताने ढकलायचा, मग चाक फिरवायचं. रिंगचा रनआउट आणि बेअरिंगचा खेळ त्याला लागेल तेवढा मागे सारतो. मापपट्टी नाही, आकडा नाही, चूक होण्यासारखं काही नाही. हे फार चांगलं डिझाइन आहे. फक्त बुश कोरडी किंवा गंजलेली असेल तर सेन्सर मागे सरकतो आणि तिथेच राहतो, म्हणून सेन्सरबरोबर बुश आणि ग्रीसही बदलावं. प्रचलित कसोटी अशी: चाक दोन सेकंदांत एक फेरा या वेगाने हाताने फिरवलं की किमान ०.२ व्होल्ट एसी मिळायला हवेत.

दुसरी जागा फ्लायव्हील किंवा गिअरवर लागणारा आट्यांचा सेन्सर. एम१८ × १.५ आटे असतील तर दाताला टेकवून अर्धा फेरा मागे घेतल्यावर ०.७५ मिमी गॅप मिळतो. पण भोकातून बघून दाताचा माथा समोर आहे याची खात्री करूनच टेकवा. खाचेत टेकवून अर्धा फेरा मागे घेतला तर पहिलाच दात टोक तोडतो. आट्यांच्या शरीरात पीळ जाणवणारी चिप कधी घालू नका. लॉकनट आवळताना शरीर थोडं फिरतंच.

पायरी ५: चुकलं तर सेन्सरने स्वतः सांगावं

अ‍ॅक्टिव्ह दुतारी सेन्सर ७ आणि १४ मिलिअ‍ॅम्पिअर या दोन पातळ्यांवर बोलतो. त्यांतल्या अधिक शहाण्या जाती पल्सच्या रुंदीतून किंवा पल्सनंतरच्या बिटांतून गॅपची स्थितीही कळवतात. एका प्रचलित पद्धतीत ४५ मायक्रोसेकंदांची पल्स म्हणजे गॅप धोक्याच्या मर्यादेपलीकडे वाढलेला. आणि हळू फिरवताना ३६० किंवा ७२० मायक्रोसेकंदांची पल्स म्हणजे सेन्सर पूर्ण काम करतो आहे, पण बसवणी ठरलेल्या गॅपच्या बाहेर आहे. ही दुसरी सूचना असेंब्ली लाइनसाठीच आहे. आज चालणारा आणि दोन वर्षांच्या गंजानंतर बंद पडणारा सेन्सर ती लाइनवरच दाखवून देते. चिप ही सोय देत असूनही ईसीयूच्या (गाडीच्या नियंत्रक संगणकाच्या) सॉफ्टवेअरमध्ये ती वाचलीच नाही, असं होऊ देऊ नका. लाइनच्या चाचणीत चाक सेकंदाला एक फेरा फिरवा, ४८ पल्स मोजा, दिशा तपासा, गॅपची सूचना नोंदवा. चार चाकांच्या कनेक्टरांची अदलाबदलही यातच पकडली जाते, कारण फिरतं एक चाक आणि बोलतं दुसरं.

पायरी ६: नमुन्याची परीक्षा

पहिले नमुने आले की एका फिक्स्चरवर गॅप ०.३ मिमीपासून सिग्नल तुटेपर्यंत ०.१ च्या टप्प्यांनी वाढवा. हेच पीळ ०, १५, ३० आणि ४५ अंशांवर, आणि आडवं सरकणं दोन्ही टोकांना ठेवून पुन्हा करा. मग उणे ४० आणि अधिक १५० अंश सेल्सिअसवर. कारण मॅग्नेट गरम झालं की कमजोर होतं, आणि खोलीच्या तापमानात मिळालेला कमाल गॅप पुस्तिकेत छापला गेला की तक्रारी घाटात येतात. प्रत्येक ठिकाणी पल्सची संख्या आणि उंच-खोल भागांचं प्रमाण दोन्ही नोंदवा. तुटण्याआधी प्रमाण बिघडू लागतं.

यानंतरची परीक्षा जास्त महत्त्वाची. ज्याने हा सेन्सर कधी पाहिला नाही अशा फिटरला तो द्या, सोबत काहीही सांगू नका, हातमोजे घालायला लावा आणि जागा दिसणार नाही अशा कोनातून बसवायला सांगा. तो किती वेळा थांबतो, कुठे जोर लावतो, काय उलटं धरतो ते लिहून घ्या. जिथे तो थांबला तिथे ड्रॉइंग बदला.

गॅरेजमध्ये बसवताना

१. इग्निशनचा स्विच बंद करून कनेक्टर सोडवा. सेन्सर वायरला धरून ओढू नका. अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून थोडा वेळ थांबा आणि फ्लँज डावी-उजवीकडे हलवत काढा.

२. बैठक स्वच्छ करा. सेन्सर बदलूनही बिघाड राहतो तेव्हा पहिला संशय याच जागेवर घ्यावा. फ्लँजखाली अर्ध्या मिलिमीटरचा गंज फुगला की सिग्नल जवळजवळ निम्मा होतो. तारेच्या ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने उजळ धातू येईपर्यंत घासा. ग्राइंडर लावू नका. बैठक खाली गेली तर सेन्सर दातांना लागेल. भोकातला गंजही काढा.

३. टोकाला चिकटलेला लोखंडाचा भुगा चिंध्यांनी पुसा. ब्रेकच्या कामात ड्रिल किंवा कानस चालली असेल तर तो हमखास असतो. रिंगचे सगळे दात एक पूर्ण फेरा फिरवून पाहा.

४. नवा सेन्सर जुन्याशेजारी ठेवून टोकाची लांबी आणि पायलटचा व्यास जुळवा. काही जुन्या पद्धतीच्या सेन्सरांच्या टोकाला कागदाचा स्पेसर असतो. तो गॅप ठरवण्यासाठीच आहे, बसवण्याआधी काढू नका.

५. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, गिअरबॉक्सवर असेल तर त्याच गिअर ऑइलचा. बैठकीवर ग्रीसचा थर देऊ नका.

६. अंगठ्याने दाबून फ्लँज पूर्ण टेकवा, मगच बोल्ट लावा. बोल्टने ओढून सेन्सर बसवला तर फ्लँज तडकतो. कारमध्ये एम६ साठी ८ ते १० न्यूटन-मीटर हे नेहमीचं प्रमाण. त्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम.

७. गॅप मोजता येत असेल तर पितळी किंवा प्लॅस्टिकचं फीलर गेज वापरा. पोलादी पट्टी मॅग्नेटला चिकटते आणि खोटं माप देते. चार ठिकाणी मोजा. अनेक मोटरसायकलींत मर्यादा साधारण ०.४ ते १.२ मिमी असते. मर्यादेबाहेर असेल तर ब्रॅकेट वाकवू नका. ब्रॅकेट, स्पेसर आणि बेअरिंग तपासा.

८. वायर मूळच्या प्रत्येक क्लिपमध्ये अडकवा. हँडल किंवा स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना ते पाहा.

९. स्कॅनरवर चारही चाकांचा, दुचाकीत दोन्ही चाकांचा वेग एकत्र बघत सरळ रस्त्यावर २० किमी वेगाने चालवा. फक्त वळणावर एका चाकाचा वेग गायब होत असेल तर बेअरिंगचा खेळ. ठरावीक अंतराने क्षणभर घसरत असेल तर रिंगचा तुटका किंवा चिकटलेला दात. आणि पॅसिव्ह सेन्सर असताना ठरावीक वेगाच्या खालीच गायब होत असेल तर गॅप मोठा.

अ‍ॅक्टिव्ह सेन्सरवर मल्टिमीटरने ओहम मोजण्याचा हट्ट करू नका. तो आकडा काहीच सांगत नाही आणि आतल्या चिपला इजाही होऊ शकते. चाक काढून ठेवताना डिस्क आणि रिंगची बाजू वर ठेवा. जमिनीवर टेकलेली रिंग दोन-तीन दशांश मिलिमीटर वाकली तरी वरच्या बजेटमधला रनआउटचा आकडा केव्हाच ओलांडला जातो.